वन्सं, टेंडर तुमच्या नावावर लागलं

त्या दुपारी आपल्या कलकत्त्याच्या घरी खालच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. कॉम्प्युटरसमोर तुम्ही, अंगावर शाल घेऊन. शेजारी माझी सून मौसुमी, तुम्हाला आत्या न म्हणता पीशी म्हणणारी. कापडाच्या टेबलाला टेकून निमाईदा, आपले कटिंग मास्तर. बजबजहून येणारी शेफाली, मशीन थांबवून उभी. आणि दाराशी मी. माझा प्रकाश हावड्याला कामावर गेला होता, तो नव्हता. तुम्ही टेंडर भरलंत त्याला आम्ही एवढीच माणसं साक्षी.

तुम्हाला खोकला होता. मी म्हटलं, "वन्सं, तारखेला अजून अवकाश आहे. बरं वाटलं की भरा."

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "शेवटच्या दिवशी सगळा बंगाल त्या साइटवर चढतो, वहिनी. मग बस बघत ते गोल गोल फिरणारं."

मग ती सहीची काडी कॉम्प्युटरला लावलीत. दिसते पेनड्राइव्हसारखी, पण तिच्यात तुमची सही. मला ते कधी नीट पटलं नाही. सही हाताची असते. ती काडीत कशी जाते? तिचा नंबर तुम्ही नेहमीसारखा मोठ्यानं म्हणत दाबलात. मी म्हटलं, अहो हळू. तर तुम्ही निमाईदांकडे बघून विचारलंत, चोरणार का हो माझी सही? निमाईदा म्हणाले, "तुमची सही चोरून काय करू दिदी, शेवटी चादरीच कापाव्या लागणार!" सगळी हसली. तुम्ही हसायला गेलात आणि खोकल्याची उबळ आली.

त्याच खोकल्यानं तुम्हाला नेलं. वन्सं, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मौसुमीनं कॉम्प्युटर उघडला. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आपला भाव सगळ्यात कमी निघाला. ऑर्डर आली आहे. पीशीच्या नावावर."

तुम्हाला सांगायला मी जिन्याकडे वळले, वन्सं. दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

आता कुणाला सांगू? म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं माझं लिहिणं, अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या यादीतलं "मीठ" सुद्धा दोनदा वाचायचात.

हे दवाखान्यात होते तेव्हापासूनची ही गोष्ट. सरकारी दवाखाना, खिडकीजवळची खाट. चादर गादीला पुरायची नाही. हे कुशीवर वळले की कोपरा सुटायचा आणि उघड्या रेग्झिनला ह्यांची पाठ चिकटायची. मी दिवसभर तेच करायची, कोपरा ओढायचा आणि गादीखाली खोचायचा. तुम्ही ऑफिसातून आलात, भावाला बघितलंत, आणि चादरीची कड उलटून टीप बघायला लागलात. मला राग आला होता. माणूस इथे असा पडलाय आणि ह्या शिलाई बघतात! तुम्ही वॉर्डातल्या सिस्टरला विचारलंत, या चादरी येतात कुठून? ती म्हणाली, टेंडरमधून येतात, आम्हाला काय विचारता.

हे गेले. पाठोपाठ तुमचं ऑफिस बंद झालं. सासूबाईंनी इथे बेहाल्यात मशीन टाकली तेव्हापासून आपण फ्रॉक आणि परकर शिवून बडाबाजारच्या दुकानांना देत होतो. तेही दुकानदार आता तयार माल बाहेरून आणायला लागले होते. मशिनी झाकून ठेवायची वेळ आली. तेव्हा तुम्ही जेवताना म्हणालात, "सरकारी दवाखान्यांना चादरी लागतात ना, मग आपण का नाही द्यायच्या?"

मी म्हटलं, "सरकारला आपण कोण?"

तुम्ही म्हणालात, "तेच तर. आधी आपण कोण ते कागदावर लिहून घ्यायचं."

हे एक तुमच्याकडून शिकले. मी कागदाला भिते, आणि तुम्ही कागदाशी भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं बोलायचात. लहान उद्योगाची सरकारी नोंदणी करायला कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला पैसे मागत होता. तुम्ही घरी बसून साइट वाचलीत, ती नोंदणी फुकट होती. परत जाऊन त्याला ते सांगितलंत सुद्धा. तो म्हणाला, मासीमा, सगळ्यांना सांगू नका. त्याच नोंदणीमुळे टेंडर भरताना ठेवायची अनामत आपल्याला माफ होते, हेही तुम्हीच शोधलंत. नाहीतर तेवढी रक्कम आणायची कुठून?

पहिलं टेंडर तुम्ही वाचलंत ते कितीतरी पानांचं. शेवटी कुठेतरी लिहिलं होतं की मागच्या वर्षांची एवढी उलाढाल हवी आणि अशाच कामाचा अनुभव हवा. आपल्याकडे दोन्ही नव्हतं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मला वाटलं, संपलं. पण तुम्ही दुसऱ्या दिवसापासून लहान लहान आरोग्य केंद्रांत जायला लागलात. तिथे थोडक्या मालाला मोठं टेंडर लागत नाही, दोनतीन जणांकडून भाव मागवतात आणि घेतात. एका केंद्रानं उशांचे अभ्रे घेतले. एकानं पडदे घेतले. प्रत्येक ठिकाणी माल पोचला की तुम्ही साहेबांसमोर उभ्याच राहायचात, काम वेळेवर आणि नीट झालं असा दाखला लिहून द्या म्हणून. एका साहेबानं विचारलं, "इतक्याशा अभ्र्यांचा दाखला?" तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे दुसरे मोठे अभ्रे नाहीत साहेब."

आणि ते कुंकू. ते कसं विसरू?

पहिल्यांदा जेव्हा खरं टेंडर भरलं, तेव्हा चादरीचा एक नमुना आधी कचेरीत द्यायचा होता. शेफालीनं इतकी सुरेख टीप मारली होती! इस्त्री केली, घडी घातली, पिशवीत ठेवली. आपल्याकडे नव्या मालाच्या पहिल्या नगाला कुंकवाचं बोट लावायची सासूबाईंची रीत. परकराच्या नेफ्याला आतून लावायच्या, दिसायचं नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, कलकत्त्यात जन्मलेल्या, सगळ्या पूजा पोथ्या मला सोपवून मोकळ्या, पण ही एक रीत सोडली नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही चादरीच्या कडेला बोट टेकवलंत आणि घडी बंद केलीत.

कचेरीत मी सोबत होते. तिथल्या मॅडमनी चादर उघडली, कड बघितली आणि हात मागे घेतला. "एटा की? रक्तो?"

रक्त! दवाखान्याची चादर, आणि तिच्यावर लाल डाग. तुम्ही त्यांना बंगालीत समजावत होतात, सिंदूर नाही, कुंकू, आमच्यात पहिल्या नगाला लावतात. मॅडम ऐकत होत्या. वाईट नव्हत्या त्या. त्या म्हणाल्या, नमुन्यावर कसलीही खूण चालत नाही, नियमात लिहिलंय, आणि मी हा डाग कुठल्या रकान्यात लिहू? नमुना बाद झाला.

बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी म्हटलं, "वन्सं, कुंकू माणसाला लावा. मालाला कशाला?"

"आईनं पहिल्या फ्रॉकपासून लावलंय."

"आई फ्रॉक शेजारणीला विकत होत्या. सरकारला नाही."

तुम्ही तिकीट दुमडत बसलात. पुढच्या नमुन्याला लावलं नाहीत, पण शेफाली सांगते, तुम्ही मशीनच्या चाकाला गुपचूप लावत होतात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आणि मला ठाऊक आहे हे मी कधी सांगितलं नाही. लावलं असतं माझ्यासमोर तर मी काय केलं असतं? काही नाही. हळद पण लावा म्हटलं असतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जात होतात. तरी मी तुम्हाला वन्सं म्हटलं आणि अहोजाहो केलं. तुम्ही मला वहिनी, तू. शेजारच्या बंगाली बायकांना ते फार गमतीचं वाटायचं. हे गेल्यावर गावाकडून माझ्या भावाचा फोन आला, आता तिकडे एकटी काय करतेस, ये. तुम्ही ते ऐकलंत. मला जाऊ नको म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी खालून हाक मारलीत, "वहिनी, ही शिलाई उसवायचीय, ये जरा." मी आले. त्यानंतर गावाचा विषय निघालाच नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं काहीतरी. पण उसवायला खूप होतं, बसले उसवत.

मग टेंडरआधीची ती बैठक. जे भरणार त्यांनी येऊन शंका विचारायच्या. मी सोबत आले होते, मागच्या खुर्चीवर. सगळे मोठे ठेकेदार, फोनवर बोलणारे. तुम्ही उभ्या राहून विचारलंत, चादर धुतल्यावर किती आटलेली चालेल? एक जाडजूड माणूस मोठ्यानं म्हणाला, "दिदी, ये सरकारी चादर है, दहेज की नहीं."

तुम्ही म्हणालात, "इसीलिए पूछ रही हूं. दहेज की चादर कोई धोता थोड़े है."

तोच माणूस सगळ्यांत जास्त हसला. नंतर बाहेर येऊन त्यानं तुम्हाला सांगितलं, टेंडर निघाल्यावर रोज साइट बघा दिदी, मधेच मापं बदलतात. आणि खरंच एकदा चादरीची लांबी बदलली होती. तुम्ही रोज बघत होतात म्हणून कळलं. त्या माणसालाही तुम्ही गेल्याचं कळवायला हवं. पण मला त्याचं नाव माहीत नाही.

आपलं खरं भांडण एकच झालं आणि ते अजून मिटलं नाही, वन्सं.

मी म्हटलं होतं, दोन नावं घाला. हे गेल्यावर विजेच्या मीटरसाठी मी किती खेपा घातल्या ते मला माहीत. मीटर ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर. प्रत्येक खिडकीतला माणूस म्हणायचा, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. कुठून आणू? म्हणून म्हटलं, तुमच्याबरोबर मौसुमीचं नाव घाला. तुम्ही म्हणालात, "भागीदारी म्हणजे नवं पॅन, नवी जीएसटी, नवं बँक खातं. माझ्या एकटीच्या नावावर लवकर होतं. आधी सुरू तर होऊ दे."

सुरू झालं. मी परत विचारलं. तेव्हा म्हणालात, "आता सगळे दाखले या नावावर जमलेत. नाव बदललं की अनुभव परत शून्य. एक मोठं टेंडर लागू दे, वहिनी, मग करू."

तुमचं चुकीचं नव्हतं. माझंही नव्हतं. आता माझंच बरोबर निघालं, आणि मला ते नको आहे.

तुम्हाला शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही दमल्या आवाजात मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता धंद्याचं सांगतील, नावाचं सांगतील. तुम्ही चादरीची कड माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही आपली नाही. टीप लांब आहे." मी म्हटलं, झोपा. तेवढंच बोलणं झालं.

तर ऑर्डर आली. काही दिवसांत तुमच्या सहीनं स्वीकारायची होती. सही कपाटात, काडीत. नंबर आम्हा सगळ्यांना पाठ, तुम्हीच तर मोठ्यानं म्हणायचात. कागद करून देणारा तो माणूस, जो तुम्हाला जीएसटीत मदत करायचा, त्याचा फोन आला. मला म्हणाला, "मासीमा, दिदी गेल्याचं कुणाला बोलू नका. काडी लावा, स्वीकारा, माल द्या. बिल निघालं की हळूच नाव बदलू. तिकडे कोण बघायला येतंय कोण जिवंत आहे ते?"

प्रकाश म्हणाला, "आई, सांगितलं तर रद्द करतील. दुसऱ्याला देतील. आत्याची सगळी मेहनत वाया." मौसुमी रडत होती. निमाईदा टेबल पुसत राहिले, पुसलेलंच परत. शेफाली थोड्या वेळानं माझ्याजवळ आली. तीही मला वहिनीच म्हणते, बंगालीत. "बौदी, बॅगेच्या कारखान्यात बोलावतायत मला. हो म्हणू की थांबू?"

मी काय सांगणार होते तिला? तिच्या घरी नवरा बसून आहे. बॅगेच्या कारखान्यात तिला पहाटे अंधारात गाडी पकडायची आणि दिवसभर उभ्यानं काम. इथे ती आपल्या खुर्चीवर बसते. तिनं एकदा हो म्हटलं की ती परत यायची नाही, आणि तिच्यासारखी टीप मारणारी मला या वयात कुठून मिळेल? पण मी काडी लावू दिली नाही, वन्सं.

का ते सांगते. उद्या चादर आटली, रंग गेला, काही झालं, तर ते कुणाला बोलावणार? तुम्हाला. आपल्या दारात येऊन तुमच्या नावानं हाक मारणार, अमुक बाई कुठे आहेत, त्यांनी सही केलीय. मी दार उघडून काय सांगू? तुमच्या नावाची तशी हाक मला ऐकवणार नाही.

मौसुमीला घेऊन मी कचेरीत गेले. तुमच्या मृत्यूचा दाखला, धंद्याचे कागद, सगळं पिशवीत. साहेब दमलेले दिसत होते, समोर फायलींचा ढीग. मी हिंदीत म्हटलं, "जिसने टेंडर भरा था, वो नहीं रही. चादर बनानेवाले सब हैं." माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला.

"ऑर्डर स्वीकारली?"

"नहीं."

"काडी तर होती तुमच्याकडे?"

"है. लगाई नहीं."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग मौसुमीला बंगालीत सांगितलं. मालक वारला तर ऑर्डर रद्द करता येते. वारसदार काम पुरं करू शकतात अशी खात्री पटली तर चालूही ठेवता येते. "ठेवता येते असं आहे. ठेवावीच लागते असं नाही. माझ्या वरचे काय म्हणतील मला माहीत नाही. अर्ज द्या, वारसाचे कागद द्या. माणसं येऊन बघतील."

मौसुमीनं विचारलं, "रद्द झाली तर आम्हाला पुढे भरता येईल?" ते म्हणाले, नव्या नावानं भरा. आणि आमचा अनुभव, तिनं विचारलं. "तो नव्यानं." मौसुमीनं माझा हात धरला.

माणसं येऊन गेली, दोघं. मशिनी बघितल्या. शेफालीनं शिवलेली चादर दोन्ही बाजूंनी ओढली, टीप सुटते का म्हणून. सुटली नाही. मग एकानं विचारलं, "आता हे चालवणार कोण?" खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणी बसत नाही अजून. मी म्हटलं, सही सुनेची, कापणं निमाईदांचं, शिवणं शेफालीचं. त्यानं विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी दोरे कापते आणि वाईट शिलाई उसवते. त्यानं लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. जाताना म्हणाले, कळवू.

अजून कळवलं नाही. मौसुमी सकाळी कॉम्प्युटर उघडते तेव्हा मी कपडे वाळत घालायला वर जाते. वरून मला तिचा आवाज येईल असं वाटतं. येत नाही. शेफालीनं कारखान्याला अजून हो म्हटलेलं नाही, पण रोज विचारत नाही आता, त्याचीच भीती वाटते. प्रकाश माझ्याशी नीट बोलतो, पण ऑर्डरचं नाव काढत नाही. त्याला वाटतं मी घालवलं. कदाचित घालवलं असेल. तुम्ही असता तर काय केलं असतं हे मी रोज तुम्हाला विचारते, आणि तुम्ही रोज दोन वेगळी उत्तरं देता.

आपल्या गणपतीत भेटणाऱ्या इथल्या मराठी मंडळींनी त्यांच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहून द्या म्हटलं. तुमचं शिक्षण, नोकरी, कुठल्या साली काय, ते त्यांना प्रकाशनं सांगितलंय. मला हे सांगायचं होतं. तुम्ही मला खाली हाक मारलीत म्हणून मी कलकत्त्यात राहिले. इतकी वर्षं ते बोलायचं राहून गेलं.

हे जो कोणी वाचेल त्याच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरचं काम एकाच माणसाच्या नावावर असेल आणि तो माणूस अजून समोर असेल, तर आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुझ्यामागे सही कुणी करायची. त्याला राग येईल. येऊ द्या. उत्तर कागदावर उतरेपर्यंत उठू नका.